भुलेश्वरचा माथा : पाणी दोन्हीकडे, नदी एकच

सह्याद्रीतून सुटून सिंहगड, कात्रज, दिवे घाट असा पूर्वेला सरकणारा फाटा दौंडच्या सपाटीलगत उतरतो. यवतजवळचा भुलेश्वर हा त्याच्या पूर्वेकडच्या टोकाचा माथा. हद्द पुरंदरची, पण सोयीची वाट दौंड तालुक्यातल्या यवतवरून.

ही रांग म्हणजे पाणलोटाचा वरंबाच. उत्तर उतारावरचं पाणी मुळा-मुठेकडे जातं आणि शिरूर तालुक्यातल्या रांजणगाव सांडसला भीमेला मिळतं. दक्षिणेकडचं कऱ्हेतून नीरेत, आणि नीरा-नरसिंहपूरला तेही अखेर भीमेतच!

माथ्यावर सतराव्या शतकातला दौलतमंगळ किल्ला. तो बांधणारा मुरार जगदेव म्हणजे आदिलशाहीचा पुणे उद्ध्वस्त करणारा सरदार. आत यादवकालीन शिवमंदिर आहे. बाहेरून घुमट आणि कोरी भिंत दिसते, खरं काम आत. अंधाऱ्या, अरुंद पायऱ्या चढून काळ्या पाषाणातल्या शिल्पांपुढे उभं राहावं लागतं. त्यांत स्त्रीरूपातला गणपती, वैनायकी, चुकवू नका.

गाडी वरपर्यंत जाते, त्यामुळे कसलेल्या ट्रेकरला इथे फारसं आव्हान नाही. श्रावणी सोमवारी मात्र दर्शनाच्या रांगेतच घाम निघतो. आमच्या मते यावं थंडीत, सकाळी लवकर, दुर्बीण घेऊन. पायथ्याच्या माळरानावर मध्य आशियातून आलेले भोवत्या पक्षी गवताला लागून तरंगत शिकार शोधतात. चिंकारा दिसली तर नशीब. गवतात गाडी मात्र घालू नका. टिटवी, चंडोल जमिनीवरच अंडी घालतात.