बचावासाठी वकील कसा निवडावा?

कोर्ट मार्शलचा धडा शिकवून झाला की वर्गात एक प्रश्न हमखास येतो, ‘सर, आरोपीला वकील मिळतो का?’ मिळतो. पण तो कसा निवडावा, हे सांगताना मी छात्रांना कोलकात्याच्या अलीपूर खटल्याची गोष्ट सांगतो. तो खटला मुलकी न्यायालयातला होता. धडा मात्र सगळीकडे लागू पडतो.

मे १९०८ मध्ये अरविंद घोष यांना बॉम्बकटाच्या आरोपाखाली अटक झाली. सरकारतर्फे मद्रासचे नामवंत बॅरिस्टर नॉर्टन उभे राहिले. इकडे बचावाचा निधी आटला आणि पहिले वकील गेले. तेव्हा चित्तरंजन दास यांनी चालती वकिली बाजूला ठेवून हा खटला हाती घेतला. साक्षीदार दोनशेहून अधिक, कागदपत्रांचा तर डोंगर!

त्यात धाकटे बंधू बारींद्र यांच्या नावाचे एक इंग्रजी पत्र होते. मायना ‘डिअर ब्रदर’, खाली आडनावासकट सही. बंगाली घरातला धाकटा भाऊ थोरल्याला ‘सेजदा’ म्हणेल, असे पत्र लिहिणारच नाही, असा मुद्दा दासांनी मांडला. आपणही दादाला पत्र लिहिताना आडनाव घालत नाही! न्यायाधीशांनी त्या पत्रावर विसंबायचे टाळले. ६ मे १९०९ रोजी अरविंद निर्दोष सुटले.

म्हणून पहिली कसोटी ही, की वकील आपले कागद बारकाईने वाचतो का? निकालाची हमी देणाऱ्यापासून दूरच राहावे. दुसरी, त्या न्यायालयाचा त्याला अनुभव आहे का? जनरल आणि डिस्ट्रिक्ट कोर्ट मार्शलमध्ये बचाव अधिकारी मिळतो, वकीलही देता येतो. समरी कोर्ट मार्शलमध्ये मात्र ‘आरोपीचा मित्र’ एवढाच आधार. तो सल्ला देतो, पण साक्षीदारांना प्रश्न विचारू शकत नाही. पुढे सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. त्याचे एक खंडपीठ कोलकात्यात आहे. तिसरी, फी किती आणि सुनावणीला स्वतः कोण उभे राहणार, हे आधीच ठरले आहे का?

पालकांनी एवढे लक्षात ठेवावे, की वकिलापासून काहीही लपवू नये.

आणि छात्रांनो, उद्या तुम्ही अधिकारी व्हाल. एखादा जवान बचाव अधिकारी म्हणून तुमचेच नाव सुचवेल. त्या दिवशी आधी त्याचे म्हणणे ऐका आणि मग प्रत्येक कागद वाचा.