हिशेबाची वही एका टॅपवर
मोबाइलमधील रोजच्या नोंदी झटपट उघडण्यासाठी काय कराल?

१ जून ते ३१ जुलै ही मासेमारी बंदी संपली, की धरमतर खाडीच्या मुखावरील रेवस बंदरात पुन्हा लगबग सुरू होते. डिझेल किती भरले, बर्फ किती घेतला, कोणत्या खलाशाला किती उचल दिली, मासळीला काय भाव मिळाला, या नोंदी दिवसातून अनेकदा बदलतात. पूर्वी त्या वहीत असत, आता मोबाइलमध्येही ठेवल्या जातात. अडचण लिहिण्याची नाही, नेमकी फाइल शोधण्याची आहे. ओल्या हाताने दहा फाइल चाळाव्या लागल्या की ‘नंतर लिहू’ म्हटले जाते. मग राहून गेलेली एक उचल हंगामाअखेर वाटे करताना वादाचे कारण ठरते.

साधी टेक्स्ट फाइलच का?
ती उघडायला इंटरनेट लागत नाही, त्यामुळे रेंज नसलेल्या समुद्रातही चालते. एक हजार मराठी अक्षरचिन्हांची नोंद जेमतेम तीन केबी जागा घेते. शिवाय अ‍ॅप बदलले तरी फाइल तीच राहते.

आधी नावे ठरवा
सर्व फाइल एकाच फोल्डरमध्ये ठेवा. रोज लागणाऱ्या चार-पाच फाइलच्या नावाआधी दोन अंकी क्रमांक द्या: ०१-उचल, ०२-डिझेल-बर्फ, ०३-विक्री, ०४-भरती. नुसते १, २ असे लिहिल्यास काही अ‍ॅपमध्ये १० हा क्रमांक २ च्या आधी येतो. अंक सगळीकडे एकाच लिपीतले ठेवा.

मग वाट जवळची करा
अँड्रॉइड फोनवर ‘मार्कोर’ हे मोफत अ‍ॅप वापरता येते. त्यात नेहमीच्या फाइलना ‘फेव्हरिट’ करता येते आणि अलीकडे उघडलेल्या फाइलची यादीही मिळते. शेअरच्या पर्यायांतून एखाद्या फाइलचा शॉर्टकट थेट होम स्क्रीनवर ठेवता येतो. सर्वाधिक लागणारी ‘उचल’ तिथे ठेवली, की एका टॅपमध्ये वही उघडते.

आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींवर चालणाऱ्या ‘ऑब्सिडियन’मध्ये दुहेरी चौकटी कंसात फाइलचे नाव लिहिले की दुवा तयार होतो. ‘००-सूची’ नावाची फाइल करून तिच्यात सर्व दुवे लिहा आणि प्रत्येक फाइलच्या पहिल्या ओळीत सूचीकडे परतण्याचा दुवा ठेवा. म्हणजे कुठूनही कुठेही दोन टॅपमध्ये जाता येते. याशिवाय ‘क्विक स्विचर’ उघडून नावाची दोन अक्षरे टाइप केली तरी फाइल समोर येते.

‘भरती’च्या फाइलमध्ये कोकण किनाऱ्यावरचा जुना आडाखाही लिहून ठेवता येईल: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची ढोबळ वेळ. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास. मात्र बोट काढण्यापूर्वी अधिकृत तक्ता पाहावाच.

या चुका टाळा
- चालू फाइलचे नाव किंवा जागा बदलू नका, होम स्क्रीनवरचा शॉर्टकट तुटू शकतो. महिना संपला की मजकूर ‘२०२५-०८-उचल’ अशा नावाच्या नव्या फाइलमध्ये उतरवून ‘जुने’ फोल्डरमध्ये ठेवा. वर्ष आधी लिहिल्याने जुन्या फाइल आपोआप क्रमाने लागतात.
- एकच फाइल एकाच वेळी दोन अ‍ॅपमध्ये उघडी ठेवू नका. एकातील नोंद दुसऱ्यामुळे पुसली जाऊ शकते.
- फोन पाण्यात पडला तर हिशेबही बुडतो. धक्क्याला लागल्यावर संपूर्ण फोल्डरची प्रत घरच्या दुसऱ्या फोनवर किंवा क्लाउडवर पाठवा.

ही मांडणी करायला अर्धा तास पुरे. पण उचल दिली त्याच क्षणी, खलाशासमोर नोंद झाली, तर हंगामाअखेर कोणालाच आठवणीवर विसंबावे लागणार नाही.