शंभर वर्षं झाली, अट मात्र स्थगित

2025 मध्ये अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वकिलांच्या नॅशनल बार असोसिएशनने शंभरी गाठली. त्याच वर्षी फेब्रुवारीत, विधी महाविद्यालयांना मान्यता देणाऱ्या अमेरिकन बार असोसिएशनच्या परिषदेने वैविध्याची अट स्थगित केली. मे महिन्यात स्थगिती आणखी लांबवली. सरकारचा सूर बदलताच एवढी मोठी संस्था इतक्या लवकर मागे सरली, हे जिव्हारी लागणारं आहे.

अमेरिकन बार असोसिएशनचा जुना हिशेब तसाच आहे. 1911 मध्ये सभासद झालेले विल्यम लुईस हार्वर्डचे पदवीधर आणि देशाचे सहायक ॲटर्नी जनरल होते. ते कृष्णवर्णीय आहेत हे कळताच कार्यकारिणीने त्यांचं सभासदत्व रद्द केलं. खुद्द ॲटर्नी जनरल विकरशॅम यांनी आवाज उठवला, म्हणून लुईससह आत आलेल्या तिघा कृष्णवर्णीयांना राहू दिलं गेलं. पुढच्या प्रत्येकाने मात्र अर्जात वंश नोंदवायचा, असं ठरलं. अखेर 1925 मध्ये आयोवातल्या डी मॉइन शहरात जॉर्ज वुडसन, गर्ट्रूड रश आणि सहकाऱ्यांनी नॅशनल बार असोसिएशन ही आपली वेगळी संघटना उभी केली.

अमेरिकन बार असोसिएशनमधली वंशाची आडकाठी कागदोपत्री हटली ती 1943 मध्ये. दरम्यान वॉशिंग्टनमध्ये न्यायालयाच्याच इमारतीतलं बारचं ग्रंथालय कृष्णवर्णीय वकिलांना बंद होतं. प्रतिपक्षाचा वकील आत जाऊन निवाडे चाळायचा, यांना ती सोय नव्हती.

खरी कसोटी लागली साठच्या दशकात.

1961 मध्ये मिसिसिपीच्या जॅक्सन शहरात तीनशेहून अधिक फ्रीडम रायडर्स, म्हणजे वंशभेदाविरुद्ध बसप्रवास करणारे कार्यकर्ते, पकडले गेले. त्यांची वकीलपत्रं घ्यायला तिथे होते जेस ब्राउन, जॅक यंग आणि कार्सी हॉल. अख्ख्या राज्याच्या नागरी हक्कांच्या खटल्यांचा भार या मोजक्या खांद्यांवर होता. गोऱ्या वकिलांच्या संघटनांना तेव्हा स्वतःहून पुढे येता आलं असतं. बहुतेकांनी तोंड फिरवलं. कृष्णवर्णीय वकिलांच्या पुढच्या पिढीचा संयम संपला तो याचमुळे. 1968 मध्ये नॅशनल कॉन्फरन्स ऑफ ब्लॅक लॉयर्स स्थापन झाली. तिचे पहिले संचालक हेवूड बर्न्स पुढे कृष्णवर्णीय कार्यकर्ती अँजेला डेव्हिसच्या बचावात उतरले, अ‍ॅटिका तुरुंगातल्या बंडानंतर आरोपी झालेल्या कैद्यांच्याही.

नंतरची वर्षं सत्कार-समारंभांची. 1878 च्या अमेरिकन बार असोसिएशनला पहिला कृष्णवर्णीय अध्यक्ष, डेनिस आर्चर, मिळाला तो 2003 मध्ये. म्हणून आता वेगळ्या संघटनेची गरज काय, असं विचारणाऱ्यांनी फेब्रुवारीतला तो निर्णय वाचावा.