ओल्ड्समोबिल : जनरल मोटर्सची फिरती प्रयोगशाळा

अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या लॅन्सिंग येथे रॅन्सम ओल्ड्स याने १८९७ मध्ये सुरू केलेली ओल्ड्समोबिल ही नाममुद्रा २००४ मध्ये बंद झाली तोवर तिच्या नावाने साडेतीन कोटींहून अधिक मोटारी रस्त्यावर आल्या होत्या; परंतु तिचे खरे महत्त्व या संख्येत शोधू नये. जनरल मोटर्सने १९०८ मध्ये ती विकत घेतली आणि पुढे या कंपनीत तळाला शेव्हरोले व शिखरावर कॅडिलॅक अशी किमतीची उतरंड ठरत गेली, तेव्हा मधल्या पायरीवरच्या ओल्ड्समोबिलकडे एक वेगळेच काम आले. स्वस्त मोटारीला न परवडणारे आणि महागड्या मोटारीत फसल्यास अब्रू घालवणारे नवे तंत्र आधी या मोटारींत बसवावे, गिऱ्हाइकांच्या हाती ते कसे टिकते हे पाहावे आणि मगच इतरत्र न्यावे, असा तो प्रघात होता.

तिच्या पहिल्या गाजलेल्या मोटारीतही प्रयोग होताच, मात्र तो यंत्रापेक्षा कारखान्यातला होता. १९०१ च्या ‘कर्व्हड डॅश’ या एका सिलिंडरच्या, ६५० डॉलर किमतीच्या मोटारीचे सुटे भाग बाहेरच्या पुरवठादारांकडून आणवून, ठरलेल्या क्रमाने एकेका टप्प्यावर जोडले जात; हेन्री फोर्डचा सरकता जोडणीपट्टा यानंतर बारा वर्षांनी आला. ओल्ड्स स्वतः भागीदारांशी न पटल्याने १९०४ मध्येच बाहेर पडला आणि आपल्या आद्याक्षरांवरून ‘रिओ’ ही दुसरी कंपनी काढून बसला.

या नाममुद्रेची सर्वांत मोठी देणगी म्हणजे १९४० च्या मॉडेलांत आलेली ‘हायड्रा-मॅटिक’ ही मोठ्या प्रमाणावर बनलेली पहिली पूर्ण स्वयंचलित गिअरपेटी. हाताने बदलायच्या गिअरमध्ये इंजिन आणि चाके यांच्यातील दुवा क्लचने क्षणभर तोडावा लागतो. येथे त्या जागी तेलाने भरलेल्या बंद कोठीत समोरासमोर दोन पातेदार चकत्या असत, आणि इंजिनाने फिरवलेल्या चकतीने भिरकावलेले तेल दुसरीच्या पात्यांवर आदळून तिला फिरवी, त्यामुळे मोटार उभी असतानाही इंजिन बंद न पडता चालू राही. त्यापुढे ग्रहीय दंतचक्रांचे संच होते. मध्यभागी सूर्यचक्र, त्याभोवती फिरणारी लहान ग्रहचक्रे आणि सर्वांना वेढणारे, आतून दाते असलेले कडे, अशी त्यांची रचना असते. त्यांतील कोणते चक्र अडवून धरायचे आणि कोणते मोकळे सोडायचे, एवढ्यावर वेगाचे गुणोत्तर बदलते व दाते एकमेकांपासून सोडवावे लागत नाहीत. मोटारीचा वेग आणि चालकाने दाबलेला ॲक्सिलरेटर यांच्यानुसार तेलाचा दाब कमीजास्त होऊन ही अडवणूक आपोआप घडे आणि चार गिअर क्रमाने पडत. कॅडिलॅकने ही पेटी वर्षभर ओल्ड्समोबिलवर पारखली गेल्यावर स्वीकारली, महायुद्धात ती अमेरिकेच्या हलक्या रणगाड्यांत गेली, आणि पुढे रोल्स-रॉइसनेही ती घेतली.

१९४९ च्या ‘रॉकेट’ इंजिनामागे संपीडन गुणोत्तराचा विचार होता. सिलिंडरात दट्ट्या तळाशी असताना जेवढी जागा असते ती, दट्ट्या माथ्याशी आल्यावर उरलेल्या जागेच्या किती पट आहे, हे या गुणोत्तराने कळते. ते जितके जास्त, तितके त्याच इंधनातून अधिक काम मिळते, मात्र हलके पेट्रोल अशा दाबाखाली वेळेआधीच पेट घेते आणि इंजिन ठोके देऊ लागते. युद्धानंतर अधिक ऑक्टेनचे, म्हणजे असा अवेळी पेट न घेणारे, पेट्रोल मिळेल हे गृहीत धरूनच हे व्ही-आठ इंजिन आखले होते. ते हलक्या ‘एटी-एट’ मॉडेलात बसताच रेड बायरन याने त्या मोटारीवर नॅसकारच्या शर्यतींचे १९४९ चे विजेतेपद मिळवले.

गृहीत चुकल्यास काय होते, हे १९६२ च्या ‘जेटफायर’ने दाखवले. निघून जाणाऱ्या धुरावर फिरणारा पंखा सिलिंडरात जादा हवा कोंबतो, त्याला टर्बोचार्जर म्हणतात. तो बसवूनही अभियंत्यांनी संपीडन गुणोत्तर १०.२५ इतके चढे ठेवले आणि ठोके टाळण्यासाठी पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण आत फवारले, कारण पाण्याची वाफ होताना आतील उष्णता शोषली जाते. युक्ती शास्त्रशुद्ध होती. पण त्या मिश्रणाची टाकी मालकाने वेळोवेळी भरावी लागे, आणि बहुतेकांना त्याची आठवणच राहत नसे. टाकी रिकामी झाली की संरक्षक झडप हवेचा दाब घटवी व मोटार मंदावे. अखेर कंपनीने अनेक मोटारींचे टर्बोचार्जर काढून साधे कार्ब्युरेटर बसवून दिले. गंमत अशी की, याच ॲल्युमिनियम इंजिनाच्या ठोकळ्यावर ऑस्ट्रेलियातील रेप्को कंपनीने शर्यतीचे इंजिन उभारले आणि त्याच्या बळावर जॅक ब्रॅबहॅम १९६६ चा फॉर्म्युला वन विजेता झाला.

त्याच वर्षीची ‘टोरोनॅडो’ सात लिटरच्या इंजिनाची शक्ती पुढच्या चाकांना देई. १९३७ च्या ‘कॉर्ड’नंतर अमेरिकेत असे धाडस कोणी केले नव्हते.

डिझेलचा १९७८ चा प्रयोग मात्र विज्ञानापेक्षा हिशेबाने बुडाला. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, हवा दाबूनच इतकी तापवतात की फवारलेले इंधन आपोआप पेटते, आणि त्यासाठी या इंजिनाचे संपीडन गुणोत्तर २२.५ ठेवले होते. ठोकळा जाड केला गेला. परंतु पेट्रोल इंजिनाचीच कारखान्यातील यंत्रे वापरता यावीत म्हणून सिलिंडरचे झाकण आवळणाऱ्या बोल्टांची मांडणी जुनीच राहिली, व हा ताण सहन न होऊन ते ताणले अथवा तुटले. इंधनातील पाणी वेगळे काढणारे साधनही गाळल्याने पंप गंजले. या मोटारींवरून झालेल्या तक्रारींनी अमेरिकी गिऱ्हाइकाचा प्रवासी डिझेल मोटारींवरचा विश्वास दीर्घकाळ उडवला.

तरीही ओल्ड्समोबिल बुडाली ती या अपयशाने नव्हे. १९७७ मध्ये आणि १९८० च्या दशकाच्या मध्यालाही तिचा वार्षिक खप दहा लाखांवर होता. १९७७ मध्येच मात्र ओल्ड्समोबिलमध्ये शेव्हरोलेचे इंजिन निघाल्याचे पाहून मालक न्यायालयात गेले होते. खर्च वाचवण्यासाठी कंपनीने सर्व नाममुद्रांना एकच सांगाडे आणि एकच इंजिने द्यायला सुरुवात केली, संशोधन मध्यवर्ती विभागांकडे गेले आणि प्रयोगासाठी वेगळी नाममुद्रा राखण्याचे कारणच संपले. डिसेंबर २००० मध्ये ती बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. २९ एप्रिल २००४ रोजी लॅन्सिंगच्या कारखान्यातून शेवटची ‘अलेरो’ बाहेर पडली. तिचा सांगाडा पॉन्टिॲकच्या ‘ग्रँड ॲम’शी समाईक होता, आणि जनरल मोटर्सने सहा वर्षांत पॉन्टिॲकही बंद केली.