पचनमार्गातील स्टेंटचे उपद्रव

पचनमार्गातील स्टेंट म्हणजे अन्ननलिका, जठराचे निर्गमद्वार, लहान आतड्याचा आरंभीचा भाग, मोठे आतडे किंवा पित्तनलिका यांतील अडथळ्याच्या जागी मार्ग खुला ठेवण्यासाठी बसविलेली नळी होय. कर्करोगाच्या गाठीने मार्ग अरुंद झाला असून शस्त्रक्रिया शक्य नसल्यास तिचा विशेष उपयोग होतो. स्टेंटमुळे अडथळा दूर होतो. मूळ रोग बरा होत नाही. त्यामुळे काही उपद्रव रुग्ण घरी परतल्यानंतर, काही वेळा महिन्यांनी, उद्भवतात.

रचना

बहुतेक धातूचे स्टेंट निकेल व टायटॅनियम यांच्या नायटिनॉल या मिश्रधातूच्या जाळीचे असतात. मिटलेली जाळी एंडोस्कोपद्वारे अडथळ्यातून नेऊन सोडली की ती आपोआप उमलते. काही जाळ्यांवर पातळ आवरण असते. पित्तनलिकेत प्लॅस्टिकचे स्टेंटही वापरतात.

प्रमुख उपद्रव

* छिद्र पडणे : हा सर्वांत गंभीर उपद्रव होय. आतड्यास छिद्र पडल्यास पोटात अचानक तीव्र वेदना होऊन पोट कडक होते. अन्ननलिकेस पडल्यास छातीत दुखते व धाप लागते. बेव्हॅसिझुमॅब या औषधाने मोठ्या आतड्यास छिद्र पडण्याचा धोका वाढतो.
* स्टेंट सरकणे : आवरण असलेला स्टेंट अधिक सहज सरकतो. उपचारांनी गाठ आक्रसल्यासही त्याची पकड सुटते.
* पुन्हा अडथळा : आवरण नसलेल्या जाळीच्या छिद्रांतून गाठ आत वाढते. आवरणाने ही वाढ रोखली जाते, परंतु सरकण्याचा धोका वाढतो; म्हणून निवड रुग्णानुसार करावी लागते. न चावलेला घास अडकूनही मार्ग बंद होतो.
* पित्तनलिकेचा जंतुसंसर्ग : प्लॅस्टिकचा स्टेंट साधारणतः तीन महिन्यांत गाळाने तुंबू लागतो. तो वेळेवर न बदलल्यास थंडी वाजून ताप, कावीळ व पोटदुखी उद्भवते. हा संसर्ग रक्तात पसरून प्राणघातक ठरू शकतो.
* इतर : रक्तस्राव, वेदना, तसेच अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी स्टेंट असल्यास आम्ल वर येणे. गिळताना वारंवार ठसका लागणे हे अन्ननलिका व श्वासनलिका यांच्यामध्ये मार्ग निर्माण झाल्याचे चिन्ह असू शकते.

पाठपुरावा आणि अंतर

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्याच्या उदाहरणावरून पाठपुराव्यातील अडचण स्पष्ट होते. पालघर व बोईसर-तारापूर ही ठिकाणे पश्चिम रेल्वेने मुंबईशी जोडलेली आहेत. परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय (स्थापना १९४१) येथून सुमारे ८० ते १०० किलोमीटर अंतरावर आहे. जव्हार व मोखाडा हे डोंगराळ तालुके तर रेल्वेमार्गापासूनही दूर आहेत. अशा ठिकाणी ताप उतरण्याची वाट पाहण्यात गेलेला एक दिवसही महाग पडू शकतो. उपरोक्त लक्षणे दिसताच जवळच्या रुग्णालयात जाणे आणि स्टेंटचा प्रकार, जागा, बसविल्याची व बदलण्याची तारीख नोंदलेले कार्ड तेथील डॉक्टरांना दाखविणे आवश्यक असते. कार्डामुळे त्यांना तापाचे वा वेदनेचे कारण लवकर ओळखता येते.

आहार

अन्ननलिकेत स्टेंट असल्यास ताठ बसून लहान घास बारीक चावून खावेत व मधूनमधून पाणी प्यावे. मऊ भात, पेज, वरण हे पदार्थ सोयीचे ठरतात. कोरडी भाकरी, चिवट मांस, धागेदार भाज्या व काटेरी मासे टाळावेत. आहाराचे अंतिम पथ्य स्टेंटच्या जागेनुसार डॉक्टर ठरवितात.