एकचाकीवरचा लांबचा प्रवास

एकचाकी सायकल म्हटली की डोळ्यांपुढे सर्कशीचा तंबू उभा राहतो. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० साली सर्कस काढली, तेव्हापासून मराठी माणसाला त्या तंबूचे अप्रूप आहे. परंतु एड प्रॅट हा इंग्रज तरुण २०१५ साली याच वाहनावर घराबाहेर पडला आणि जगाची प्रदक्षिणा करून २०१८ साली परतला. त्याचे चाक ३६ इंची होते.

या वाहनाला साखळी नसते. पायडल एकदा फिरले की चाकही एकदाच फिरते. सर्कशीतले २० इंची चाक एका फेऱ्यात सुमारे १.६ मीटर जाते, ३६ इंची जवळजवळ २.९ मीटर. मिनिटाला ८० फेरे झाले, तर वेग ताशी १४ किलोमीटरांच्या आसपास पडतो.

बेंगळुरूचे चामराजपेट १८९२ साली आखून वसविले गेले. तेथील सरळ रस्ते अशा चाकाला मानवतील, अर्थात गर्दी नसेल तेव्हा! पण बुल टेंपल रोडने बसवनगुडीच्या नंदीपर्यंत चढून माघारी उतरू लागले की खरी परीक्षा. दुचाकीस्वार उतारावर पाय स्वस्थ ठेवतो. येथे चाक फिरते तोवर पाय फिरलेच पाहिजेत, आणि त्याला आवरायचे तेही गुडघ्यांच्या बळावर. म्हणून डोंगरवाटेवरचे स्वार लहान चाक, जाड टायर आणि पायडलचे लांब दांडे पसंत करतात, शिवाय ब्रेकही बसवितात. तो एकदम दाबला तर स्वार पुढे फेकला जाईल. बोटाने हलकेच धरून ठेवायचा असतो.

लांबच्या पल्ल्यात मात्र पायांआधी बैठक दुखते, कारण हातांवर भार टाकायला हँडलच नाही. त्यासाठी सीटपुढे एक आखूड दांडी जोडतात.