गाठ पडलेली गुणसूत्रे

गर्भ वारंवार पडू लागला की बोट आधी सुनेकडे वळते, हे परभणी जिल्ह्यात मी लहानपणापासून पाहत आलो आहे. त्या बोटाला उत्तर देण्याची सुरुवात आमच्या गोठ्यातून करता येते.

मराठवाडी म्हशीच्या पेशीत 50 गुणसूत्रे असतात. आसामकडच्या दलदलीत वावरणाऱ्या म्हशीत 48. ऐवज जवळपास तोच. तिच्यात दोन वेगळी गुणसूत्रे एकमेकांना जोडली गेली आहेत, इतकेच. माणसातही असे घडते. 14 आणि 21 क्रमांकांची गुणसूत्रे जुळली, तर 46ऐवजी 45 मोजली जातात. माणूस मात्र धडधाकट असतो. या धर्तीची जोडणी साधारण हजारात एकाकडे आढळते.

अडचण बीजपेशी तयार होताना येते. जोडगुणसूत्र, सुटे 14 आणि सुटे 21 या तिघांची वाटणी दोन पेशींत व्हायची असते. त्यातून सहा प्रकारच्या बीजपेशी संभवतात. सुटी दोन्ही एकत्र गेली, किंवा जोड एकटे गेले, तर हिशेब जुळतो. उरलेल्या चार प्रकारांत एक गुणसूत्र कमी किंवा जास्त होते. असे बहुतेक गर्भ टिकत नाहीत. 21 जास्तीचे असेल तर डाउन सिंड्रोम असलेले मूल जन्मू शकते.

वारंवार गर्भपात होणाऱ्या शंभरांपैकी दोन ते पाच जोडप्यांत एकाकडे गुणसूत्रांची अशी अदलाबदल सापडते. तो एक कधी बायको असते, कधी नवरा. म्हणून गुणसूत्रांची तपासणी दोघांच्याही रक्ताची करायची असते. नवऱ्याने बाही वर केली, की सुनेकडे वळलेले बोट आपोआप खाली येते.